आधी चालवून बघू

परत आलेलं खोकं रुमेनाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, सुरीने चिकटपट्टी कापली आणि आतलं टोमॅटो गाळायचं यंत्र बाहेर काढलं. यंत्र लखलखत होतं. कोणीतरी ते घासून, पुसून, होतं तसंच कागदात गुंडाळून पाठवलं होतं. रुमेनाने आतला जाळीदार शंकू सोडवून नाकाशी धरला. टोमॅटोचा वास. स्प्रिंगच्या वेटोळ्यात एक बीही अडकलेली होती.

"वापरलंय," ती म्हणाली.

"मग? लोक वापरणारच," तिची आई स्ताना मोठ्या, गोड्या तांबड्या मिरच्यांचे देठ मोडता मोडता म्हणाली. "जाहिरातीत तूच लिहायला लावलंस ना, आधी चालवून बघा, मग पैसे द्या? बघितलं त्यांनी चालवून."

"चालवून बघा म्हणजे दांडा फिरवून बघा, आई! घरचे टोमॅटो गाळून घ्या असं कोणी लिहिलं होतं?"

"दांडा तर माझ्याकडच्या खिमा-यंत्रालाही आहे. नुसता फिरवून काय कळणार?"

रुमेनाने शंकू खाली ठेवला. खरं सांगायचं तर त्यांच्या पर्वोमाय गावात आईचंच म्हणणं सगळ्यांना पटलं असतं. ऑनलाइन मागवलेली वस्तू इथे कोणी न बघता घरी नेत नाही. कुरियरच्या काउंटरवर खोकं उघडायचं. बूट असले तर घालून रांगेसमोरून ऐटीत चालून दाखवायचं. रांगेतल्या लोकांनी मत द्यायचं. पटलं तर पैसे, नाही तर "नको" म्हणून मोकळं व्हायचं, आणि परतीचा भुर्दंड विकणाऱ्याच्या डोक्यावर. जो विक्रेता ही मुभा देत नाही त्याच्या मालात काळंबेरं असणार, हे सगळ्यांनी केव्हाच ठरवून टाकलेलं. रुमेनाने स्वतः गेल्या महिन्यात इस्त्री मागवली, ती तिथेच लावायला सांगितली, अंगातलं जाकीट काढून त्याची बाही इस्त्री केली आणि मग "हलकी आहे" म्हणून परत केली. त्यात आपण काही वावगं केलं असं तिला आजपर्यंत वाटलं नव्हतं. आता मात्र वाटायला लागलं.

आणि एकच खोकं परत आलं असतं तरी तिने गिळलं असतं. पण हे तिसरं होतं, आणि तिन्ही एकाच गावातून आलेली. दोल्नो क्रुशेवो.

यंत्राची गोष्ट अशी. रुमेना सहा वर्षं इटलीत फेर्राराजवळच्या एका गावात सिन्योरा इनेस नावाच्या म्हातारीला सांभाळायला होती. नवऱ्याने तर कधीच दुसरीकडे बिऱ्हाड केलं होतं. म्हातारीला रोज आंघोळ घालायची, भरवायची, तिची बोलणी खायची, आणि त्या पैशांवर इथे मुलगी बिल्याना आजीच्या हाताखाली वाढवायची. दर ऑगस्टमध्ये सिन्योरा ओसरीत बसून या यंत्राचा दांडा फिरवायची आणि रुमेना वरून टोमॅटो घालायची. एका बाजूने दाट लाल रस, दुसऱ्या बाजूने कोरडी सालं आणि बिया. डोळे अधू झाले तरी दांडा म्हातारीने कोणाला दिला नाही. वसंतात ती गेली. तिच्या भाच्याने निरोप देताना यंत्र बनवणाऱ्या छोट्या कारखान्याचा पत्ता दिला, आणि रुमेनाच्या डोक्यात किडा वळवळला. आपल्याकडे बाजारात मिळतात ती प्लास्टिकची, एका मोसमात दात पडणारी. हे बिडाचं धूड नातीच्या लग्नापर्यंत टिकेल.

ती घरी आली, साठवलेल्या पैशांतून पहिली खोकी मागवली. ती आणली द्रागोने. द्रागोची मिनीबस दर रविवारी इथल्या बायका घेऊन इटलीला जायची आणि येताना दमलेल्या बायका आणि पार्सलं घेऊन यायची. द्रागो खोकी उतरवताना म्हणाला होता, "मोदेनाला एक म्हातारे आहेत, बाई शोधतायत. माणूस चांगला आहे, फक्त रात्री गातो. मिरच्यांचा मोसम संपेपर्यंत तुझ्यासाठी जागा धरून ठेवतो." रुमेनाने "बरं" म्हटलं. खोकी खपली तर इथे, नाही तर मोदेना. ठरलं ते एवढंच, आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. तिची सुटकेस अजून दाराआडच उभी होती.

बिल्याना त्या सुटकेसकडे बघायची नाही. ती आता सोळा वर्षांची होती. जाहिरातीचे फोटो तिने काढले होते, मजकूर तिने लिहिला होता, प्रत्येक खोक्यात "विश्वास ठेवल्याबद्दल आभार" असं स्वतःच्या हाताने लिहिलेलं कार्ड तिनेच घातलं होतं. आई पहिल्यांदा बसमध्ये चढली तेव्हा ती चौथीत होती. तिने कधी "जाऊ नकोस" म्हटलं नाही. फोनवर ती सदा मजेत असायची, आणि रुमेनाला सगळ्यात जास्त तेच लागायचं.

"क्रुशेवोहून आज चौथी ऑर्डर आलीये," बिल्याना फोनमधून मान वर न काढता म्हणाली. "खोकं रवाना केलंय, उद्या सकाळीच तिथे पोचेल."

"नाव काय?"

"पेना. पहिल्या तिघीही त्याच गल्लीतल्या."

"गाव लुटतंय आपल्याला," रुमेना म्हणाली.

"सहा वर्षं दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या धुतल्यास, आता त्यांचीच भांडी विकायला काढलीस," स्ताना पुटपुटली. "आमच्या वेळी, कम्युनिस्टांच्या राज्यात, असं घेऊन विकणाऱ्याला पोलीस उचलायचे."

"आमच्या वेळी ते कर भरायला लावतात, आई." रुमेनाने सुटकेस ओढली, उघडली आणि परत आलेली तिन्ही यंत्रं तिच्यात कोंबली. "उद्या मी जाते. ही त्यांच्या टेबलावर आदळते आणि विचारते, लाज वाटते का म्हणून."

"मी पण येते," बिल्याना म्हणाली.

सकाळच्या बसमध्ये रुमेनाने भाषण तयार केलं. त्यात "घाम", "चोरी" आणि "देव बघतोय" हे शब्द होते. बिल्यानाने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देव शेवटी घे. आधी घेतलास तर म्हाताऱ्या तुझ्याबरोबर छातीवर क्रूस काढायला लागतील आणि विषय बदलेल."

दोल्नो क्रुशेवोत कुरियरचं काम किराणा दुकानातच चालायचं. दुकानात कोणी नव्हतं. मागच्या अंगणातून मात्र धूर येत होता, आणि भाजलेल्या मिरच्यांचा तो गोड, करपट वास, ज्याच्यासाठी इटलीत रुमेना सप्टेंबर महिना उशीत तोंड खुपसून काढायची. तिने सुटकेस ओढत अंगण गाठलं आणि तिथेच उभी राहिली.

विस्तवावर हंडा चढलेला होता. मेणकापड घातलेल्या लांब टेबलाभोवती गावच्या बायका बसून हिवाळ्याच्या चटणीसाठी मिरच्या सोलत होत्या. बोटं काळी, कोपरापर्यंत लाल ओघळ. टेबलाच्या टोकाला तिचं यंत्र पक्कं आवळलेलं, खाली टोमॅटोच्या रसाने काठोकाठ भरलेलं पातेलं. बाजूच्या खुर्चीवर उघडलेलं खोकं, आणि त्याला टेकवून ठेवलेलं बिल्यानाचं कार्ड. विश्वास ठेवल्याबद्दल आभार.

"हे पार्सल कोणाचं?" रुमेनाने विचारलं.

"माझं," डोक्याला रुमाल बांधलेली एक रुंद म्हातारी म्हणाली. हीच पेना. "तू कोण?"

"मी पाठवणारी."

सोलणारे हात थांबले. दुकानदारीण मिंका, जी त्यांच्यातच बसली होती, ती घाईघाईने हात पुसत उठली. "हे बघा बाई, मी काही नियम मोडलेला नाही. तपासायला किती वेळ घ्यायचा ते नियमात नाहीये. दुकानात रस उडतो म्हणून मीच म्हटलं, अंगणात तपासा."

"तपासा? पातेलं भरलंय!"

"अर्धवट तपासून कसं चालेल?" पेना शांतपणे म्हणाली. "बरं झालं आलीस. तुझं यंत्र खराब आहे."

रुमेनाचं भाषण तिथेच अडलं. "खराब?"

"टोमॅटोला ठीक आहे, सोन्यासारखं चालतं. मिरचीला अडतं. इव्हांकाने मागवलं, टोमॅटो निघाले, मिरची अडकली. परत केलं. आम्हाला वाटलं, नग खराब असेल. मग द्योनाने मागवलं. तेच. मग स्लावीने. आता मी मागवलं, म्हटलं शेवटचा प्रयत्न करू. बस तू, खुर्ची घे. टोमॅटो कोण गाळत बसलंय इथे? टोमॅटो तासाभराचं काम. आमची बोटं जातात ती या मिरच्यांत."

"आणि दर वेळी आधी टोमॅटो सगळे गाळून झाले, मग मिरची आठवली?" बिल्यानाने मागून विचारलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग इव्हांका खुदकन हसली, आणि तिच्यामागून सगळं टेबल. पेना हसली नाही, पण तिचे कान लाल झाले.

"पोरगी कोणाची?"

"माझी," रुमेना म्हणाली.

"जीभ आहे तिला."

रुमेनाला आता ओरडायचं होतं. घाम, चोरी, देव, सगळं ओठांवर होतं. पण तिची नजर त्या सोललेल्या मिरच्यांच्या ढिगावर गेली आणि तिला स्वतःचीच चीड आली. सिन्योरा मिरच्या गाळायची नाही. त्यांच्याकडे टोमॅटोवर काम संपतं. आणि आपण, पर्वोमायच्या मातीत वाढलेल्या, आईच्या शेजारी बसून बोटं काळी करत मोठ्या झालेल्या, एवढ्या लांबून यंत्र आणलं, फोटो काढले, जाहिरात दिली आणि एकदाही त्यात मिरची घालून बघितली नाही! सहा वर्षांत आपल्याला इटलीचं पाणी चांगलंच लागलं म्हणायचं.

तिने जाकीट काढून सुटकेसवर टाकलं.

"मिरच्या द्या इकडे. न सोललेल्या. देठ आणि बियांचा गड्डा तेवढा काढा."

"अडकेल," पेना म्हणाली.

"अडकली तर हे यंत्र आणि ही तिन्ही घेऊन मी जाते, पुन्हा तोंड दाखवणार नाही. गाळून निघाली, तर तुम्ही चौघी पैसे मोजणार. कबूल?"

पेनाने टेबलावरून नजर फिरवली. "कबूल. आधी चालवून बघू."

बिल्याना आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. आपली आई आत्ता काय पणाला लावतेय हे त्या अंगणात फक्त तिलाच कळत होतं.

रुमेनाने पहिली मूठभर मिरची घातली आणि दांडा फिरवला. एक फेरा, दुसरा, आणि दांडा अडकला. तिने जोर लावला. टेबल हललं, दांडा नाही.

"सांगितलं नव्हतं?" द्योना म्हणाली.

"गप गं," मिंका म्हणाली. "तिला करू दे."

रुमेनाने मोदेनाचा तो गाणारा म्हातारा डोळ्यांसमोर बघितला, त्याची ओली चादर बघितली. मग तिने दांड्यावरचे हात काढले आणि इनेस म्हातारीला आठवायला लागली. म्हातारी वर्षातून एकदा आलुबुखारही गाळायची, मुरंब्यासाठी. त्या दिवशी टोमॅटोसारखं नाही करायची. आधी यंत्राच्या टोकाला बोटांनी चाचपून काहीतरी करायची आणि बडबडायची, याला श्वास घ्यायला जागा ठेव, आलुबुखार काही टोमॅटो नाही. रुमेनाला तेव्हा ती म्हातारचळ वाटली होती.

तिने टोकाचा नट धरला. तेलकट होता, घसरत होता. मेणकापडाच्या कडेत धरून तिने तो सैल केला. स्प्रिंग जराशी मोकळी झाली. मग उलटा फेरा देऊन अडकलेला चोथा काढला, मिरच्या पुन्हा घातल्या आणि वरून टोमॅटोचा रस पळीभर ओतला.

"फिरव," ती बिल्यानाला म्हणाली.

बिल्यानाने दांडा फिरवला. यंत्र कुरकुरलं. मग जाळीतून लाल, दाट, तुळतुळीत लगदा सरकत यायला लागला आणि पन्हळीवरून दुसऱ्या पातेल्यात पडायला लागला. दुसऱ्या टोकाने सालं आणि बिया बाहेर आल्या. रुमेना मिरच्या घालत राहिली, पळीने रस ओतत राहिली, बिल्याना फिरवत राहिली, आणि बायकांनी सकाळपासून सोललेला ढीग एकीकडे राहून दुसरीकडे लगद्याचं पातेलं भरत गेलं.

पेना उठली. तिने बोट बुडवून चव घेतली, अंगठ्यावर लगदा चोळून साल लागतं का बघितलं. पुन्हा चव घेतली. तिचं ते बोट नखाच्या मुळापर्यंत काळं होतं, आणि त्यातलं सगळं काळं काही यंदाचं नव्हतं.

"माझी आई नाताळला चर्चमध्ये हातमोजे काढायची नाही," ती म्हणाली. "बोटांची लाज वाटायची तिला." मग तिने मागे वळून फर्मावलं, "द्योना, सोलणं बंद कर. आपण काय वेड्या आहोत?"

रुमेनाला हसावं की रडावं कळेना. सहा वर्षं तिने दुसऱ्यांच्या घरात वाकून काम केलं, आणि आज आपल्या भाषेच्या अंगणात, आपल्या पोरीसमोर ती ताठ उभी होती. हे आपण आणलं, आपण चालवून दाखवलं, आता कोणी काहीही म्हणो. तिने नाक ओढलं आणि सुटकेस उघडली.

"इव्हांका कोण? स्लावी? ही घ्या आपापली."

"ही तर वापरलेली आहेत," स्लावीने कुरकुर केली.

"वापरली कोणी?"

या वेळी पेनाही हसली. इतकी हसली की रुमाल सुटला. चौघींनी घासाघीस न करता पैसे दिले. म्हणजे इव्हांकाने थोडी केली, पण तिच्या स्वतःच्या सासूने तिला गप्प केलं. मग मिंकाने आपल्या बहिणीला शेजारच्या गावी फोन लावला, आणि द्योनाने मुलीला प्लोवदिवला. बिल्याना खोक्याच्या झाकणावर नावं लिहायला लागली. सारखं विचारत होती, "मिरची की टोमॅटो?" आणि सारखं तेच उत्तर येत होतं.

बसची वेळ झाली तेव्हा मिंका ल्युतेनित्साची, त्या मिरची-टोमॅटोच्या चटणीची, बरणी घेऊन आली, नुकतीच भरलेली, गरम. "घ्या. आमच्याकडून."

रुमेनाने बरणी हातात घेतली, झाकण उघडलं आणि गंभीरपणे चमचा मागितला.

"आत्ताच खाणार?"

"आधी तपासते. आवडली तरच नेईन."

अख्खं अंगण श्वास रोखून बघत होतं. रुमेनाने चव घेतली, डोळे मिटले, मुद्दाम वेळ लावला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "पण नेते."

निघताना रिकामी सुटकेस रिकामी राहिली नव्हती. बरण्यांवर बरण्या, मध्ये कांद्याची वेणी, वर मिंकाच्या झाडाची सफरचंदं. बसमध्ये बिल्याना म्हणाली, "जाहिरातीतून ती मुभा काढून टाकायची का? म्हणजे पुन्हा कोणी असं करायला नको."

"काढायची कशाला?"

"मग काय करू?"

"एक ओळ वाढव. लिही, येताना मिरच्या घेऊन या."

बिल्यानाने फोन काढला, लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं. मग ती खिडकीबाहेर बघत बसली. मोदेनाचं अजून ठरायचंच होतं.

शनिवारी संध्याकाळी स्ताना बरणीतली ल्युतेनित्सा पावाला लावून खात होती आणि मीठ कमी आहे हे सगळ्यांना पटवून देत होती. बिल्याना टेबलाच्या कडेला पत्ते चिकटवत होती. उरलेली खोकी संपत आली होती. तेवढ्यात रुमेनाचा फोन वाजला. तिचे हात मळलेले होते म्हणून तिने तो टेबलावरच स्पीकरवर टाकला.

"रुमेना, द्रागो बोलतोय. उद्या पहाटे निघतोय. मोदेनावाले रोज फोन करतायत. जागा धरली आहे तुझी, खिडकीची. येतेस ना?"

बिल्यानाचे हात चिकटपट्टीवर थांबले. तिने मान वर केली नाही. स्तानाने चावणं थांबवलं.

"जागा धरूनच ठेव," रुमेना म्हणाली.

बिल्यानाने चिकटपट्टी खाली ठेवली.

"परत येताना तिच्यावर खोकी बसव," रुमेना म्हणाली. "मागे मावतील तेवढी मागे ठेव, आणि खिडकीच्या जागेवरही ठेव. कारखान्याला मी कळवलंय. पट्टा लाव त्यांना, रस्त्यात कुठे उतरायची नाहीत."

"आणि मी मोदेनाच्या म्हाताऱ्यांना काय सांगू?"

"सांग, बाई व्यापारात पडली."

द्रागो काहीतरी बोलला, हसला आणि त्याने फोन ठेवला. मग बिल्याना उठली. तिने दाराआडची सुटकेस ओढून आणली, टेबलाजवळ आडवी केली, उघडली. तिच्यावर अजून टोमॅटोचे डाग होते. कोपऱ्यातलं कांद्याचं पोतं तिने उचललं आणि सगळे कांदे त्या सुटकेसमध्ये ओतले, चेन ओढली आणि तळघराकडे निघाली.

"अगं, चांगल्या बॅगेत कांदे?" स्ताना ओरडली. "वास लागेल! पुन्हा कुठे जायचं झालं तर?"

"नाही जायचं," बिल्याना जिन्यावरून म्हणाली. तिचा आवाज फुटलेला होता, आणि सहा वर्षांत फोनवर तो कधी फुटला नव्हता.

रुमेना तिच्या मागे गेली नाही. तिने हात धुतले, पोरीने अर्धवट सोडलेली चिकटपट्टी उचलली आणि पुढचं खोकं बंद करायला घेतलं.